इबादत

इबादत : माणूस कशासाठी जन्माला घातला गेला, या प्रश्नाला कुराणाने दिलेले उत्तर. अल्लाहची उपासना, त्याच्या आज्ञेचे पालन आणि त्याच्यापुढचे दास्य असे तिन्ही अर्थ या संज्ञेत सामावतात. नमाज, रोजा, जकात (संपत्तीतून द्यायचे नेमलेले दान) व हज ही नेमून दिलेली कृत्ये म्हणजे इबादत, हे सर्वमान्य आहे. योग्य नियत (मनातला संकल्प) ठेवून केलेली नोकरी, व्यापार व संसार यांनाही शास्त्रकार तिच्यात धरतात. ठाणे जिल्ह्यात शाफई व हनफी हे सुन्नींचे दोन्ही फिक्ही, म्हणजे धर्मविधीविषयक, पंथ एकाच मोहल्ल्यात, पुष्कळदा एकाच मशिदीत, नांदतात. त्यामुळे या संकल्पनेतले व्यवहाराचे बारकावे येथे चटकन नजरेस येतात.

कुराणातील आधार : मुख्य आधार एक्कावन्नाव्या सूरहमधील, म्हणजे अध्यायातील, (अज्‌-जारियात) छप्पन्नावी आयत (वचन). जिन्न व मानव यांना केवळ आपली इबादत करण्यासाठी निर्माण केले, असे तीत अल्लाह म्हणतो. तिच्या जोडीला इतर आयतीही घेतल्या जातात. कोण चांगले कर्म करतो हे पारखण्यासाठी मरण व जीवन निर्मिले (६७:२). तुम्हाला व्यर्थ निर्माण केले असे समजलात काय (२३:११५). पृथ्वीवर खलीफा (प्रतिनिधी) नेमतो आहे (२:३०). आकाश, पृथ्वी व डोंगर यांनी नाकारलेली अमानत (सोपवलेली जबाबदारी) माणसाने उचलली (३३:७२). सहाव्या सूरहची १६२वी आयत हे सारे एका वाक्यात आणते : माझी नमाज, माझी कुर्बानी, माझे जगणे आणि माझे मरणे सर्व विश्वांचा पालनकर्ता अल्लाह याच्यासाठी आहे. शाफई मंडळी ही आयत प्रत्येक नमाजेच्या आरंभीच्या ‘वज्जहतु’ या दुआत म्हणतात. हनफी त्या जागी ‘सुब्हानकल्लाहुम्म’ ही सना (स्तुती) म्हणतात. दोन्हींना हदीसचा, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या परंपरागत नोंदींचा, आधार आहे. तरी जीवनहेतूचे विधान दिवसातून पाच वेळा तोंडून वदवून घेण्याची सोय पहिल्या पद्धतीत आपोआप झाली आहे.

अर्थाचा वाद : ‘इबादतीसाठी’ म्हणजे नेमके कशासाठी, याबद्दल आरंभीच्या भाष्यकारांत एकमत नव्हते. इब्न अब्बास यांच्या नावावरचे एक मत असे : सर्वांनी, राजीखुशीने वा नाइलाजाने, आपल्या दास्याचा स्वीकार करावा म्हणून. ‘मला ओळखावे म्हणून’ असा दुसरा अर्थ आढळतो. काही भाष्यांत तो मुजाहिद (मृत्यू सु. ७२२) यांच्या, तर इब्न कसीर (मृत्यू १३७३) यांच्या भाष्यात इब्न जुरैज (मृत्यू सु. ७६७) यांच्या नावावर येतो. दोघेही मक्केच्या परंपरेतले असल्याने नावांची अदलाबदल होणे अशक्य नाही. पुढच्या पिढ्यांनी थोरल्याचे नाव पसंत केले असावे.

या दुसऱ्या अर्थामागोमाग सूफी वाङ्मयात एक वचन फार रुळले : ‘मी गुप्त खजिना होतो, ओळखले जावे असे मला वाटले, म्हणून मी सृष्टी निर्माण केली.’ ते हदीसे कुदसी, म्हणजे पैगंबरांच्या मुखातून आलेले ईश्वराचे बोल, म्हणून उद्धृत केले जाते. हदीसशास्त्राच्या कसोटीवर मात्र ते टिकत नाही. इब्न तैमिया (मृत्यू १३२८) यांनी ते पैगंबरांचे बोल नाहीत, त्याची सबळ तर सोडाच, दुबळी सनदही (सांगणाऱ्यांची साखळीही) माहीत नाही, असे स्पष्ट लिहिले. जरकशी (मृत्यू १३९२) आणि इब्न हजर अस्कलानी (मृत्यू १४४९) यांनी त्याला दुजोरा दिला आणि सखावी (मृत्यू १४९७) यांनी लोकमुखी रुळलेल्या वचनांची छाननी करताना हाच निर्णय नोंदवला. इब्न अरबी (मृत्यू १२४०) यांची भूमिका निराळी : कथनपरंपरेने हे वचन सिद्ध नाही, पण कश्फने, म्हणजे आंतरिक साक्षात्काराने, ते खरे ठरते. मुल्ला अली कारी (मृत्यू सु. १६०६) यांनी मधला मार्ग काढला. त्यांच्या मते शब्द प्रमाण नसले तरी आशय छप्पन्नाव्या आयतीच्या ‘ओळखावे’ या अर्थाशी जुळतो. आज हेच मत अधिक स्वीकारार्ह वाटते. मात्र खुतब्यात (शुक्रवारच्या प्रवचनात) वा तकरिरीत (धार्मिक भाषणात) हे वचन ‘पैगंबरांनी फर्मावले’ म्हणून सांगणे अयोग्यच.

कोकण किनाऱ्यापुरता या वादाला एक जवळचा संदर्भ आहे. माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) हे शाफई विद्वान इब्न अरबींच्या विचाराचे पुरस्कर्ते होते. ‘तबसीरुर्रहमान’ या त्यांच्या अरबी कुराणभाष्याचे वैशिष्ट्य म्हणजे प्रत्येक सूरहच्या आरंभीच्या बिस्मिल्लाहचा अर्थ त्या त्या सूरहच्या विषयानुसार नव्याने लावलेला आहे. सर्वसामान्यांना ते दर्ग्यामुळे व उरुसामुळे ठाऊक आहेत. भाष्याकडे वळणारे थोडे.

ईश्वराच्या कृतीला हेतू असतो असे म्हणावे काय, हा कलामशास्त्रातला, म्हणजे इस्लामी ईश्वरमीमांसेतला, प्रश्नही येथेच उपस्थित होतो. हेतू मानला की गरज मानावी लागते, आणि अल्लाह निर्गरज आहे. म्हणून अशअरी पंथ ‘साठी’ हा शब्द परिणामाच्या वा हिकमतच्या (ईश्वरी शहाणपणाच्या) अर्थी घेतो. मुअतजिला पंथाचे लोक उघडपणे हेतू मानत. मातुरीदी पंथाने हिकमत मानून गरज नाकारली. कोट्यवधी माणसे इबादत करत नाहीत, मग ईश्वरी हेतू फसला काय, या आक्षेपाला इब्न तैमियांचे उत्तर आहे की, ईश्वराची सृष्टी घडवणारी इच्छा आणि आज्ञा देणारी इच्छा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत व ही आयत दुसरीबद्दल बोलते. काहींनी आयत श्रद्धावंतांपुरतीच मर्यादित मानून आक्षेपातून सुटका करून घेतली.

आधुनिक काळात औरंगाबादेत जन्मलेले अबुल आला मौदूदी (१९०३–१९७९) यांनी इबादतचा अर्थ राज्यव्यवस्थेपर्यंत ताणला. वहीदुद्दीन खान (१९२५–२०२१) व अबुल हसन अली नदवी (मृत्यू १९९९) यांनी त्यावर टीका केली. बंदा (दास) आणि रब (पालनकर्ता) यांच्यातले नाते हे मूळ. समाजव्यवस्था हा त्याचा परिणाम, मूळ नव्हे, असा या टीकेचा रोख होता. मुहम्मद इलियास कांधलवी (१८८५–१९४४) यांच्या तबलिगी चळवळीने वाद टाळून सहा बाबींवर भर दिला. त्यांत नियत शुद्ध राखणे ही एक आहे. महिन्याचे तीन दिवस व चाळीस दिवसांचा चिल्ला या प्रचारासाठी घराबाहेर पडण्याच्या तिच्या नेहमीच्या मुदती होत.

ठाणे परिसर : ठाणे बंदरावर अरब आरमार आल्याचा पहिला उल्लेख बलाजुरी (मृत्यू सु. ८९२) करतो. ती स्वारी सु. ६३६ची धरतात, परंतु वृत्तांत घटनेनंतर अडीच शतकांनी लिहिलेला असल्याने सन पक्का मानता येत नाही. इस्लाम येथे रुजला तो मुख्यतः समुद्री व्यापाऱ्यांमुळे. कोकणी मुसलमान शाफई आहेत ते याच संबंधातून, असे सामान्यपणे मानले जाते. कल्याण, भिवंडी, कौसा आणि पलीकडे तळोजे ही त्यांची जुनी गावे. उत्तर भारतातून भिवंडीच्या मागांवर काम करायला आलेले विणकर, आणि १९९२–९३च्या दंगलींनंतर मुंबईतून मुंब्र्याला हललेली कुटुंबे बहुतांशी हनफी. अहले हदीस (फिक्ही पंथ न मानता थेट हदीसवर चालणारे), बोहरा व इस्ना अशरी शिया यांचीही वस्ती आहे. खालील विवेचन मुख्यतः शाफई व हनफी या दोन पंथांपुरते आहे.

नियत : सवय व इबादत यांना वेगळे करणारी गोष्ट म्हणजे नियत. दिवसभर उपाशी राहणे पथ्यासाठीही असू शकते. रोजा होतो तो नियत केल्यावर. ‘कर्मे नियतवर अवलंबून आहेत’ ही हदीस बुखारींच्या संग्रहात पहिलीच आहे. तिची सनद मजेशीर आहे. हजरत उमर, अल्कमा, मुहम्मद बिन इब्राहीम तैमी आणि याह्या बिन सईद अन्सारी अशा चार पायऱ्यांपर्यंत सांगणारा प्रत्येक वेळी एकटाच. याह्यांपासून पुढे मात्र सांगणाऱ्यांची रीघ लागते. तरीही ती सहीह (अस्सल) आहे, यावर दुमत नाही.

वुजूत (नमाजेआधी हात-तोंड-पाय धुण्याच्या विधीत) नियत शाफईंकडे फर्ज (अनिवार्य) आहे, हनफींकडे सुन्नत (इष्ट, पण अनिवार्य नव्हे). पावसात चिंब भिजून आलेल्या हनफी माणसाचे चारही अवयव नियमाप्रमाणे भिजले असले, तर त्याचा वुजू झाला. शाफई माणसाला तोंड धुताना नियत करून पुन्हा करावा लागतो. फर्ज नमाजेसाठी शाफई फिक्ह तीन गोष्टी मनात मागते : नमाज पढण्याचा निश्चय, ती कोणती, आणि ती फर्ज आहे हे. हे सारे ‘अल्लाहु अकबर’ म्हणतानाच मनात असले पाहिजे. ही अट अक्षरशः पाळू गेलेला माणूस वसवशात (संशयाच्या फेऱ्यात) सापडतो : तकबीर (‘अल्लाहु अकबर’) म्हणायची, नियत नीट झाली नाही वाटून हात सोडायचे, पुन्हा म्हणायची, तोवर इमाम रुकूत (कमरेत वाकण्याच्या स्थितीत) गेलेला. म्हणून इमामुल हरमैन जुवैनी (मृत्यू १०८५) व गजाली (मृत्यू ११११) यांनी सर्वसाधारणपणे मनात हजर असेल तेवढे पुरे, असे ठरवले आणि नववी (मृत्यू १२७७) यांनी तेच पसंत केले. हनफींकडे नियत तकबीरच्या थोडी आधी झाली तरी चालते. तोंडाने नियत उच्चारणे उत्तरकालीन शाफई व हनफी ग्रंथांत चांगले मानले आहे, अहले हदीसांकडे बिदअत (धर्मात घातलेली नवी भर). दोन्ही बाजू धरून चालतात ती गोष्ट एकच : खरी नियत मनातली.

वेळ : इबादत ही वेळेची बांधील आहे. दिवसाच्या फर्ज रकाती (नमाजेची आवर्तने) सतरा (पहाटेची फजर २, दुपारची जुहर ४, तिसऱ्या प्रहरची असर ४, सूर्यास्तानंतरची मगरिब ३, रात्रीची इशा ४). मुंबईसाठी छापलेले वेळापत्रक ठाण्याला अर्ध्या मिनिटाच्या फरकाने लागू पडते, त्यामुळे तेच वापरतात. अडचण येते ती असरची. वस्तूची सावली मध्यान्हीची सावली वजा जाता वस्तूएवढी झाली की शाफईंची असर सुरू होते. हनफींची दुप्पट झाल्यावर. ठाण्याच्या अक्षांशावर हा फरक डिसेंबरात सुमारे पाऊण तास, तर जूनमध्ये सव्वा तास पडतो. जूनअखेरीस शाफई असर चारच्या सुमारास लागते, हनफी सव्वापाचनंतर. म्हणून शेजारच्या दोन मशिदींतून असरची बांग वेगवेगळ्या वेळी ऐकू येते. यात कोणाचे घड्याळ चुकलेले नसते. मधल्या काळात शाफई मशिदीत सापडलेल्या हनफी माणसाने काय करावे, याबाबत हनफी पंथाचे प्रवर्तक अबू हनीफा यांचे दोन शिष्य, अबू यूसुफ व मुहम्मद शैबानी, एकपट सावलीच्याच बाजूचे आहेत हे लक्षात ठेवावे. किब्ला (नमाजेत तोंड करायची मक्केची दिशा) ठाण्याहून नेमका पश्चिमेला नसून पश्चिमेच्या उत्तरेला सुमारे दहा अंश आहे. इतक्या फरकाने नमाज बिघडत नाही, पण नवी सफ (नमाजींची रांग) आखताना तो धरावा.

सर्वांत जास्त चुकते ती मगरिब. सूर्यास्तापासून तिचा अवधी सव्वा तासाच्या आसपास. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि त्याच वेळी चाकरमानी कल्याणकडे जाणाऱ्या लोकलमध्ये उभा असतो. मुंब्र्याचा माणूस सीएसएमटीला साडेपाचनंतर धीम्या गाडीत बसला, तर उतरून मशिदीत पोचेपर्यंत वेळ राहतो. सव्वासहाला बसला, तर काठावर. ठाणे–मुंबई हा प्रवास फिक्हच्या अर्थाने सफर नाही. हनफी हिशेबाने अठ्ठेचाळीस मैल, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटर, गेल्याशिवाय माणूस मुसाफिर होत नाही; शाफई अंतर त्याहून किंचित जास्तच. म्हणून येथे कसर (चार रकातींऐवजी दोन पढण्याची सवलत) नाही, आणि मगरिब-इशा एकत्र करण्याची शाफई सवलतही नाही. चालत्या गाडीत फर्ज पढण्याबाबत बरेलवी परंपरेचे अहमद रजा खान (१८५६–१९२१) यांचे मत असे की, गाडी थांबवणे माणसाच्या हाती असल्याने पढली तरी नंतर पुन्हा पढावी. देवबंदी परंपरेचे मुफ्ती (धर्मनिर्णय देणारे विद्वान) उभे राहून किब्ल्याकडे तोंड करता आले तर ती मान्य करतात. संध्याकाळच्या गर्दीत दोन्ही अटी पाळणे जवळपास अशक्य. तेव्हा कामाच्या ठिकाणाजवळच मगरिब पढून मग गाडी पकडणे, हाच बिनघोर मार्ग.

मिश्र जमातीत (सामूहिक नमाजेत) फजरलाही एक प्रसंग येतो. शाफई इमाम दुसऱ्या रकातीत रुकूनंतर हात उचलून कुनूत (उभ्याने म्हणायची दुआ) म्हणतो. मागच्या हनफीने हात खाली सोडून गप्प उभे राहावे; घाईने सजद्यात (जमिनीला कपाळ टेकायला) जाऊ नये. शाफई मुक्तदी (जमातीत नमाज पढणारा) इमामामागे सूरह फातिहा स्वतः म्हणतो, हनफी म्हणत नाही.

रोजा व जकात : रमजानच्या प्रत्येक रोज्याची नियत शाफईंकडे पहाट फुटण्यापूर्वी, रात्रीच व्हावी लागते. झोपेत सहरी (पहाटेपूर्वीचे जेवण) चुकली आणि नियतही राहिली, तर त्या दिवशी उपाशी राहायचे आणि वर तो रोजा कजा (भरपाई) म्हणून नंतर धरायचा. हनफीला शरई दिवसाच्या (पहाट फुटण्यापासून सूर्यास्तापर्यंतच्या) मध्यापूर्वीपर्यंत नियत करता येते. नियत चुकू नये म्हणून काही शाफई उलेमा (धर्मपंडित) पहिल्याच रात्री महिनाभराची नियत मालिकी या सुन्नी पंथाच्या मताने करून ठेवायला सांगतात. सहरीला उठणे हीच नियत, असेही मानता येते, पण उठण्यामागे रोज्याचा विचार असला पाहिजे.

जकातचा हिशेब : सोन्याचा निसाब (जकात लागू होण्याची किमान मर्यादा) साडेसात तोळे, चांदीचा साडेबावन्न. येथे घोटाळा होतो तो तोळ्याचा. हा तोळा जुना, ११.६६४ ग्रॅमचा; सराफाचा आजचा दहा ग्रॅमचा नव्हे. म्हणून आकडे ८७.४८ ग्रॅम सोने व ६१२.३६ ग्रॅम चांदी असे येतात. रोकड, माल व दागिने मिळून मालमत्ता असेल, तर हनफी मुफ्ती सहसा चांदीचा निसाब लावतात. तो फार लवकर गाठला जातो. एक चांद्रवर्ष पूर्ण झाल्यावर अडीच टक्के. ३१ मार्चला हिशेब करणाऱ्याचे दरवर्षी जवळजवळ अकरा दिवस बुडतात. ते भरून काढायला दर सुमारे २.५८ टक्के धरावा लागतो. अंगावर वापरायच्या स्त्रियांच्या दागिन्यांवर शाफई मतात, प्रमाणाबाहेर नसतील तर, जकात नाही. हनफी मतात आहे. एकाच इमारतीत कोकणी घराने पाटल्या हिशेबात न धरणे आणि शेजारच्या घराने धरणे, दोन्ही शास्त्रशुद्ध आहे. सून हनफी व सासर शाफई असेल तर दागिने ज्याच्या मालकीचे, त्याच्या पंथाने हिशेब करावा.

इस्तिखारा : नोकरी, स्थळ, घर अशा निर्णयात ईश्वराकडे दिशा मागण्याचा विधी. पैगंबरांचे सहकारी जाबिर यांच्या हदीसने तो बुखारींकडे आला आहे. दोन रकात नफ्ल (ऐच्छिक नमाज) पढावी (प्रचारात पहिलीत सूरह काफिरून, दुसरीत इख्लास), सलाम फेरल्यावर (नमाज संपवल्यावर) ‘अल्लाहुम्म इन्नी अस्तखीरुक’ ही दुआ म्हणावी आणि ‘हाजल अम्र’ (हे काम) या शब्दांशी आपले काम मनात आणावे. फजरनंतर सूर्योदयापर्यंत, ऐन मध्यान्ही व असरनंतर सूर्यास्तापर्यंत ही नमाज पढत नाहीत. स्वप्न पडलेच पाहिजे, हिरवे-पांढरे दिसले की होकार, काळे-लाल दिसले की नकार, या समजुतींना त्या हदीसमध्ये आधार नाही. सात वेळा करण्याची हदीस दुबळी आहे. दुसऱ्याकडून ‘इस्तिखारा काढून’ घेण्याची प्रथा बरीच पसरली आहे. मूळ विधी ज्याचे काम त्यानेच करण्याचा. जे फर्ज आहे ते करावे काय, किंवा हराम आहे ते करावे काय, यासाठी इस्तिखारा नसतोच.

रिया : लोकांनी पाहावे म्हणून केलेली इबादत. गजालींनी तिचे प्रकार तपशिलाने दिले आहेत. लोक बघत आहेत म्हणून नमाज लांबवणे ही रिया, हे सर्वांना कळते. लोक बघतील म्हणून नमाजच सोडणे हीही रियाच, हे फुजैल बिन इयाज (मृत्यू ८०३) यांचे मत पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

कजा : ऐन तारुण्यात नमाज सोडलेला आणि पुढे दीनकडे (धर्माकडे) वळलेला माणूस हा मुफ्तींपुढे नेहमी येणारा प्रश्न. चारही सुन्नी पंथांत, बालिग झाल्यापासून (वयात आल्यापासून) सुटलेल्या सगळ्या फर्ज नमाजा भराव्या लागतात. हनफी हिशेबात रोजच्या सतरा रकातींत वित्र या रात्रीच्या जादा नमाजेच्या तीन मिळून वीस होतात. दहा वर्षांच्या ३,६५० दिवसांच्या रकाती ७३,०००. स्त्रियांनी हैजचे (मासिक पाळीचे) दिवस वजा करावेत. त्या दिवसांची नमाज माफ आहे, रोजे मात्र भरायचे असतात. रोजच्या प्रत्येक फर्जबरोबर त्याच वेळेची एक कजा पढली, तर दहा वर्षांचा बोजा दहा वर्षांत उतरतो, दोन पढल्या तर पाच. तारीख आठवत नसल्यास ‘माझ्या जिम्म्यातली पहिली फजर’ अशी नियत करतात. ती पढली की पुढची आपोआप पहिली होते. वहीत रकान्यांत खुणा करत गेल्यास मोजणी चुकत नाही. विनाकारण सोडलेल्या नमाजा असतील, तर शाफई मतात भरपाई ताबडतोब व्हावी, आणि ती होईतो नफ्ल पढू नये, इतके इब्न हजर हैतमी (मृत्यू सु. १५६६) कडक आहेत. जाणूनबुजून सोडलेल्या नमाजेला कजाच नाही, तौबा (पश्चात्ताप) करावी व नफ्ल वाढवावे, हे इब्न हज्म (मृत्यू १०६४) व इब्न तैमिया यांचे मत अल्पसंख्य असले, तरी अहले हदीस उलेमांपैकी अनेक ते घेतात. हयातीत पैसे देऊन नमाज फेडता येत नाही. हनफी माणसाने मरताना वसीयत (मृत्युपत्र) केली असल्यास वारसांनी एकतृतीयांश मालमत्तेच्या मर्यादेत प्रत्येक नमाजेमागे, वित्रसकट, सदका-ए-फित्रएवढा (रमजान ईदच्या नेमलेल्या दानाएवढा) फिदया (भरपाईचे दान) द्यावा : अर्धा साअ (एक जुने अरबी माप) गहू, म्हणजे पावणेदोन किलोच्या आसपास, किंवा तितकी किंमत. शाफई पंथाच्या प्रमुख मतात नमाजेला असा फिदया नाही.